निळ्या पेन्सिलीचा गोल

मागच्या थंडीत मुलीने पुण्याहून फोनवर एक फोटो पाठवला. तिच्या लेकीच्या दुपट्याचा. ते दुपटं मीच शिवलेलं, नात जन्मायच्या आधी. त्याची एका कडेची शिवण उसवली होती, आणि मला नेमकं कुठे ते कळावं म्हणून मुलीने फोनवरच त्या जागेभोवती लाल गोल काढला होता. खाली लिहिलं होतं, "आई, तक्रार आहे."

मला हसू आलं. आमच्या घरात तक्रारींचं खातं माझ्याकडे कधीच नव्हतं. ते ह्यांच्याकडे, म्हणजे माझ्या यजमानांकडे होतं. दोषाभोवती गोल काढायची रीतही त्यांचीच. मुलीने ती कुठून उचलली हे तिच्या लक्षातही आलं नसेल. मी तिला लिहिलं, दुपटं कुरिअरने पाठवून दे. आणि मग दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही.

हे भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात तपासनीस होते. त्या नोकऱ्यांपायी महाराष्ट्रातून कितीतरी घरं इकडे आली, तसे आम्हीही आलो. मी साताऱ्याची. लग्न होऊन आले तेव्हा दोन वर्षांत बदली करून घेऊ असं हे म्हणाले होते. बदली कधी मागितलीच नाही, आणि पुढे मीही विचारायचं सोडून दिलं. इथला तलाव, इथले पोहे-जलेबी आणि इथली सावकाश चाल अंगवळणी पडली. आता साताऱ्याला गेले तर चार दिवसांत मला आमच्या इथल्या वस्तीची, बाग सेवनियाची आठवण यायला लागते.

कारखान्यात मोठ्या यंत्रांचे भाग ह्यांच्या टेबलावर यायचे. हे ते मोजायचे, उजेडात धरायचे आणि शेवटी चष्मा काढून, डोळे मिटून त्यावरून तळवा फिरवायचे. डोळ्यांना जे दिसत नाही ते हाताला लागतं असं त्यांचं म्हणणं. जिथे दोष सापडेल तिथे निळ्या पेन्सिलीने गोल. ही साधी पेन्सिल नव्हे. लोखंडावर, काचेवर, कशावरही उमटणारी मेणासारखी जाड पेन्सिल. गोल पडला की तो भाग पुढे जायचा नाही. मग त्याचा निकाल लागायचा. पास, नापास, किंवा तिसरा निकाल, सवलतीने पास. हा तिसरा निकाल ह्यांचा फार लाडका होता. दोष आहे, तो मान्य आहे, पण त्याने कामाला बाधा येत नाही, असं कोणीतरी स्वतःच्या जबाबदारीवर म्हणायचं आणि खाली सही करायची. पास करायला डोळे पुरतात, सवलत द्यायला छाती लागते, असं ते मला सांगायचे. मी तेव्हा पोळ्या लाटत असायची. माझी पोळी गोल होत नाही हे माहेरीही सगळ्यांना ठाऊक होतं, पण ती ताटात पडल्यावर उजेडाकडे धरून बघणारा माणूस मला सासरीच भेटला. बघून झालं की म्हणायचे, "सवलतीने पास." आणि मुकाट्याने खायचे.

निवृत्त झाले आणि आम्ही क्वार्टर सोडून बाग सेवनियातल्या आमच्या घरात आलो. तोवर माझं गोधड्यांचं काम चालू झालं होतं. सुरुवात शेजारणीच्या साड्यांपासून झाली, मग तोंडी तोंडी पसरलं. लोक आपापलं कापड घेऊन यायचे. बहुतेकांच्या हातात आईच्या किंवा सासूच्या साड्या असायच्या, आणि त्या बाईंचं काय झालं हे सहसा विचारावं लागत नसे. मी त्या कापून, थर लावून, हाताने धावदोरा घालून गोधडी करून द्यायची. मशीन अजिबात नाही. माझ्या आईने शिकवलं तसं.

आईची आणखी एक शिकवण होती. अंगाला लागून गेलेल्या कापडाची चिंधीसुद्धा कचऱ्यात जाता कामा नये. विरलेला, डागाळलेला भाग कापून काढायचा, पण तो जपून ठेवायचा आणि पुढच्या गोधडीच्या पोटात घालायचा. म्हणजे वरून खालून ज्याचं त्याचं कापड, आणि पोटात मागच्या सगळ्यांच्या चिंध्या. कोटरा वस्तीतल्या आजींच्या लुगड्याचा तुकडा अरेरा कॉलनीतल्या साहेबांच्या पोटावर झोपलेला असायचा. हे गिऱ्हाइकांना सांगायची कधी वेळ आली नाही. आली असती तर ती आणखी एक तक्रार झाली असती.

रिकामा बसलेला तपासनीस घरात असणं म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. महिनाभर ह्यांनी गॅसची शेगडी, नळ, माझे डबे असं सगळं तपासलं. मग त्यांची नजर गोधड्यांवर गेली. एके दिवशी मी साडी कापायला पसरली तर हे पेन्सिल घेऊन हजर. साडीवर हात फिरवत गेले आणि जिथे विरलेलं, जिथे डाग, जिथे रफू, तिथे निळे गोल काढून ठेवले. मी म्हटलं, अहो, निदान शिंप्याचा खडू तरी घ्या, हे मेण धुऊनसुद्धा निघायचं नाही. तर म्हणाले, पुसली जाते ती खूण कसली. आणि गोल केलेला भाग तू कापूनच टाकणार, तो कोणाच्या तरी पोटात जाणार, तिथे बघायला कोण येतंय. तेव्हापासून कापण्याआधी त्यांचे गोल आणि त्यांच्या कडेने माझी कात्री, अशीच पद्धत पडली.

तक्रारीसुद्धा त्यांनीच अंगावर घेतल्या. हातचं काम म्हटलं की बारीकसारीक तक्रारी यायच्याच. मला त्या सहन होत नसत. पाठ मोडून, बोटं टोचून केलेल्या कामाला कोणी नाव ठेवलं की माझं डोकं तापायचं, आणि मी काहीतरी लागट बोलून बसायची. हे मात्र तक्रार आली की खुलायचे. शर्टाच्या खिशात स्टीलची पट्टी टाकायची, स्कूटर काढायची आणि थेट गिऱ्हाइकाच्या घरी. तक्रार जागेवर जाऊन बघायची, ऐकीव गोष्टीवर निकाल द्यायचा नाही, हा कारखान्याचा नियम.

एम.पी. नगरात क्लास चालवणाऱ्या एका सरांनी कळवलं की गोधडीचा एक कोपरा काटकोनात नाही. मला वाटलं हे जाऊन त्यांना गप्प करतील. हे संध्याकाळी गोधडी स्कूटरला बांधून परत आले. म्हणाले, त्यांचं बरोबर आहे, बोटभर तिरपा आहे. मी विचारलं, तुम्ही नवरा त्यांचे की माझे. तर म्हणाले, तपासताना मी कोणाचाच नसतो. त्या रात्री मी त्यांना नुसता पिठलं-भात वाढला. कोपरा मात्र सरळ करून दिला.

आमच्याच कॉलनीतल्या एका बाईंनी तक्रार केली होती की टाके सारखे नाहीत, काही मोठे, काही बारीक. तिथेही हे पट्टी घेऊन गेले. काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही, फक्त "निकाली काढली" म्हणाले. पुष्कळ दिवसांनी त्या बाई मला भाजीच्या गाडीपाशी भेटल्या आणि हसत हसत सांगू लागल्या. ह्यांनी म्हणे टाके मोजून दाखवले होते. हे बारीक टाके सकाळचे आहेत, हे मोठे टाके संध्याकाळचे, तेव्हा तिची पाठ धरते. मशीनची पाठ धरत नाही, म्हणून तिचे टाके सारखे येतात. तुम्हाला सारखे हवे असतील तर मशीनची घ्या, मी दुकान दाखवतो. मी भाजी न घेताच घरी आले. माझी पाठ संध्याकाळी धरते हे मी ह्यांना कधी सांगितलं नव्हतं.

मग एक दिवस दुसऱ्याच एक बाई आल्या. कोटरा सुल्तानाबादला राहायच्या, शाळेत शिकवायच्या, घर मूळचं ग्वाल्हेरचं. बोलण्यात अर्धं मराठी, अर्धं हिंदी. त्यांची आई नुकतीच गेली होती. आईच्या दोन सुती साड्या घेऊन आल्या, एक तपकिरी आणि एक गडद निळी, पिवळ्या काठाची. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी त्या कितीतरी वेळ मांडीवरच धरून ठेवल्या. मग माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, चांगल्यातली चांगली करून द्या काकू.

मग आम्हीही मनावर घेतलं. ह्यांनी साड्या दाराच्या उजेडात धरून इंच न् इंच तपासल्या. निळ्या साडीला पदराजवळ एक रफू होता, आणि तोही हिरव्या दोऱ्याचा. निळ्यावर हिरवा दोरा कोणी घातला असेल म्हणून हे हसले. मीही हसले. त्यांनी गोल काढला, मी कापला. चिंधी पिशवीत गेली. ती गोधडी मी जीव ओतून केली. टाके सगळे सकाळचे घातले. पाठ धरायला लागली की थांबायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायची. तयार झाल्यावर ह्यांनी कडेपासून कडेपर्यंत तळवा फिरवला. मग म्हणाले, "पास." सवलत नाही, काही नाही. मला मेडल मिळाल्यासारखं वाटलं.

बाई येऊन गोधडी घेऊन गेल्या. पुढच्याच आठवड्यात त्यांचा फोन. "काकू, एक शिकायत आहे. काकांना पाठवाल का?"

माझ्या कपाळावर आठी. ह्या गोधडीला नाव ठेवायला जागा कुठे होती. हे पट्टी घेऊन गेले. दुपार कलली तरी आले नाहीत. आले तेव्हा किल्ली खुंटीला अडकवली आणि पट्टी खिशात तशीच ठेवून खुर्चीत बसले. मी पाणी दिलं. काय निघालं, असं विचारलं.

म्हणाले, काहीच नाही. त्यांनी गोधडी उलटून पालटून दाखवली, कुठे काही नाही. तीच तक्रार आहे.

मग त्यांनी सांगितलं ते असं. बाई लहान असताना त्यांना शाळेत घालायला त्यांची आई निघाली होती. अंगावर हीच निळी साडी, तेव्हा नवी. रस्त्यात कुठल्याशा फाटकाच्या खिळ्याला पदर अडकला आणि फाटला. परत जायला वेळ नव्हता. आईच्या पिशवीत सुई होती, आणि दोरा होता तो हिरवा. शाळेच्या पायरीवर बसून तिने तिथल्या तिथे रफू केला आणि मुलीचा हात धरून आत गेली. पुढे जन्मभर ती साडी नेसली पण तो दोरा काही बदलला नाही. गोधडी घरी नेल्यावर बाईंनी आधी तो रफू शोधला. आई आजारी असताना रात्री तिच्या उशाशी बसून बाई पदराच्या त्या जागेवरून बोट फिरवायच्या, म्हणून. तो कुठेच नव्हता.

"साडी तर मिलची होती, काका," त्या ह्यांना म्हणाल्या होत्या. "आईच्या हातचं तिच्यात तेवढंच होतं."

त्यांनी भांडण केलं नाही. गोधडी परत घ्या म्हणाल्या नाहीत. गलती तुमची नाही, मीच आधी सांगायला हवं होतं, असंच म्हणत राहिल्या. आणि ह्यांनी तिथे बसल्या बसल्या सांगून टाकलं होतं, मी आणून देतो.

मी कपाळाला हात लावला. आणून देतो म्हणे. आम्ही चिंध्यांची पिशवी जमिनीवर उपडी केली. जन्मात कोणी एवढं मन लावून चिंध्या निवडल्या नसतील. निळ्या रंगाचे पुष्कळ तुकडे निघाले, हिरवा दोरा कशातच नव्हता. आणि मग मला आठवलं की त्या गोधडीनंतर मी एकच काम केलं होतं. पिशवीतल्या मऊ मऊ सुती चिंध्या वेचून त्यात घातल्या होत्या. ते काम म्हणजे हे दुपटं.

मुलीचे दिवस भरत आले होते. आम्ही दोन दिवसांनी पुण्याला निघणार होतो. दुपटं माझ्या जुन्या साडीचं, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. त्यावर मी कडेने बारीक वेल टाक्यांतच काढली होती. आयुष्यात तेवढं देखणं काही माझ्या हातून झालं नव्हतं. ते धुऊन, घडी घालून बॅगेत सगळ्यात वर ठेवलं होतं. मी ह्यांना स्पष्ट सांगितलं, दुपट्याला हात लावायचा नाही. येणाऱ्या बाळाचं पहिलं कापड कोणी उसवतं का. लोकांच्या घरच्या दुःखाला माझं नातवंड जबाबदार नाही. आणखीही बरंच बोलले, ते सगळं लिहिण्यासारखं नाही.

हे पिशवीतल्या चिंध्या एकेक करून परत भरत बसले. ते बघताना माझ्या आईची गोधडी डोळ्यापुढे आली. तिने शिवलेली एकच उरली होती, ती भावाच्या घरी होती. एकदा गेले तेव्हा मोलकरीण तिच्या तुकड्याने ओटा पुसताना दिसली. त्यात कोणाचा दोष नव्हता. फाटली होती, म्हणून घेतली पुसायला. मी तेव्हा काही बोलले नव्हते, पण तो तुकडा मागून घेतला असता तर बरं झालं असतं, असं पुढे कितीतरी वेळा वाटलं होतं. आईच्या हातचं माझ्याकडे काहीच नाही.

मी उठले, बॅग उघडली आणि दुपटं ह्यांच्या मांडीवर आणून ठेवलं. म्हटलं, नेमकी जागा सांगा. सगळं उसवू देणार नाही.

त्यांनी चष्मा काढला. डोळे मिटले आणि तळवा दुपट्यावरून सरकवायला लागले, कारखान्यात करत तसेच, कडेकडेने सुरू करून आत आत. मी श्वास रोखून उभी. पंख्याचा आवाज नको म्हणून त्यांनी तो बंद करायला सांगितला, हाताने बघायला पंखा कशाला बंद करावा लागतो ते मला कळलं नाही, पण केला. एका कडेपाशी बोट थांबलं, पुढे गेलं, परत आलं.

"इथे," ते म्हणाले.

मी माझ्याच वेलीचे टाके ब्लेडने तोडले. आत दोन बोटं घातली आणि चिंधी ओढून काढली. निळा तुकडा, त्यावर मेणाने चकाकणारा निळ्या पेन्सिलीचा गोल, आणि गोलाच्या आत तो वेडावाकडा हिरवा रफू. दुपट्याच्या पोटात आणखी चिंध्या दिसत होत्या, त्यांच्यावरही असेच गोल होते. तेव्हा त्यांच्याकडे बघायला सवड कोणाला होती. माझा जीव भांड्यात पडला होता.

गोधडी बाईंकडून मागवून घेतली. रफूचा तुकडा उशाच्या बाजूला, झोपल्यावर हात पोचेल अशा जागी लावला. तो नीट बसेना, कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या. ह्यांनी पेट्रोलच्या बोळ्याने आपला गोल पुसून पुसून बोटं लाल केली, तरी फिकट कड राहिलीच. बाई आल्या तेव्हा ह्यांनी गोधडी पसरली आणि कारखान्यातल्यासारखं रीतसर सांगायला घेतलं. हा तुकडा मागाहून लावला आहे. कडा सरळ नाहीत. कापडाला चुणी पडली आहे. पेन्सिलीचा डाग पूर्ण गेलेला नाही. एवढे दोष आहेत, आणि ते आम्हाला मान्य आहेत. सवलतीने पास करत असाल तर घेऊन जा.

बाईंनी रफूवर बोट ठेवलं. ते तिथेच ठेवून म्हणाल्या, "सही कुठे करू, काका?"

आणि रडायला लागल्या. ह्यांना काय करावं सुचेना. ते माझ्याकडे वळून म्हणाले, अगं, चहा टाक. चहा टाकताना माझेही डोळे वाहत होते. दूध उतू गेलं, आणि त्याबद्दल घरात कोणी तक्रार केली नाही.

दुपटं मी रातोरात परत शिवलं. पण उसवलेल्या जागी पहिल्या टाक्यांची भोकं राहतात, दुसऱ्यांदा तसा टाका बसत नाही. वेल तिथे जरा वाकडी झाली. ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, "सवलतीने पास. सही माझी." तेच घेऊन आम्ही पुण्याला गेलो.

त्यानंतर ह्यांनी आपली पद्धत बदलली. साडी आली की पेन्सिल हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाला विचारायचे, ह्यातलं काय ठेवायचं. लोक आधी गोंधळायचे. खराब भाग ठेवायचा कशाला, असं म्हणायचे. मग कोणी सांगायचं, हा शाईचा डाग राहू द्या. कोणी म्हणायचं, इथे आजोबांच्या विडीने भोक पडलंय ते बुजवू नका. ओट्यावर बसून तासन् तास गोष्टी चालायच्या. माझं काम रखडायचं. वर ज्यांना ह्या गोष्टी ठाऊक नसत, त्यांच्या सुना आणि जावई फोन करायचे की काकू, गोधडीवर डाग राहिलाय. हे आनंदाने पट्टी खिशात टाकून निघायचे. त्या वर्षांइतकं सुख मला पुन्हा मिळालं नाही, हे तेव्हा कळलं असतं तर मी त्यांच्यावर जरा कमी चिडले असते. किंवा कदाचित तेवढीच चिडले असते.

हे जाऊन आता काही हिवाळे झाले. कपाटातले त्यांचे शर्ट मी तसेच ठेवलेत. त्यांची गोधडी कर, असं मुलगी सुचवून बघते, पण कात्री लावायचं धाडस होत नाही. पेन्सिल कुठे गेली कोण जाणे, घरभर शोधूनही सापडली नाही. कामही थोडंच घेते आता. तक्रारी फोनवर येतात, फोटोसकट. कोणी ओट्यावर येऊन बसत नाही, आणि मी कोणाच्या घरी जात नाही. बघते आणि दुरुस्त करून देते.

तर ते दुपटं कुरिअरने आलं. मऊ होऊन त्याचा रंग ओळखू येईनासा झाला होता. उसवलं होतं नेमकं तिथेच, जिथे आम्ही रफूसाठी उघडलं होतं. दुसऱ्यांदा घातलेला टाका. म्हटलं, सही करणारा गेला, आता सवलत कोणाकडे मागणार. सुईत दोरा ओवला, शिवण सारखी करायला आत बोटं घातली, तर एक चिंधी बाहेर डोकावली. पांढरट, कुठल्या साडीची ते आठवेना. तिच्यावर निळा गोल होता. धुऊन धुऊन फिकट झालेला, पण सबंध. जिथून सुरू केला तिथेच आणून मिटवलेला. ते गोल कधी अर्धवट सोडत नसत.

मी तो तुकडा घेऊन दारात उजेडात बसले आणि अगदी मोकळेपणी रडले. हा माणूस घरातून गेला, त्याचा चष्मा, पट्टी, स्कूटर सगळं गप्प झालं, आणि हा गोल तिकडे पुण्यात नातीच्या अंगाखाली होता. मग एकदम मनात आलं, की असे किती असतील. बाग सेवनियात, कोटऱ्यात, एम.पी. नगरात, जिथे जिथे माझी गोधडी गेली त्या घरी. लोक ती अंगावर घेऊन झोपतात, आणि पोटात ह्यांचे गोल आहेत. कोणाला माहीत नाही. पुसली जाते ती खूण कसली, असं म्हणाले होते.

डोळे पुसले आणि मग नीट बघितलं, की ह्यांनी इथे गोल काढला तो कशासाठी. गोलाच्या आत डाग नव्हता. भोक नव्हतं. विरलेलंही दिसेना. चष्मा काढला, डोळे मिटले आणि बोट फिरवलं. काही लागलं नाही हाताला. चांगलं, साधं कापड.

तो तुकडा ठेवून घ्यावा असं फार वाटलं. देवघरात ठेवावा, उशीखाली ठेवावा. दोन दिवस ठेवलाही. मग त्या कोटऱ्याच्या बाई आठवल्या, रफू उशाच्या बाजूला हात पोचेल तिथे लावून घेणाऱ्या. मी दुपट्याची शिवण मिटवली आणि तो तुकडा आत न घालता वरून लावला, गोल दिसेल असा. टाके संध्याकाळचे होते, आले तसे येऊ दिले. आणि पाठवून दिलं.

पोचल्यावर नातीचा फोन आला. तिला आपल्या आजोबांचं फारसं काही आठवत नाही, ते गेले तेव्हा आठवावं एवढी ती मोठी नव्हती. तिने विचारलं, आजी, हा गोल कशाला. मी सांगितलं, आजोबांनी काढलाय. जिथे काही चुकलेलं असेल तिथे ते गोल काढायचे.

"मग इथे काय चुकलंय?"

"मला नाही सापडलं," मी म्हटलं. "तू बघ. डोळे मिटून हात फिरवायचा."

परवा मुलीशी बोलणं झालं. ती म्हणाली, आई, तू काय सांगून ठेवलंयस हिला. रोज रात्री दिवा घालवला की त्या गोलावरून बोट फिरवत बसते, चूक शोधते म्हणते, आणि शोधता शोधता झोपून जाते. ही तक्रार आहे का, ते मी विचारलं नाही.